वाचायला नाव कशाला लागतं?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास एका मुलीचा फोन आला. आमच्या कायदेविषयक शिबिराला दोन वेळा येऊन गेलेली. वडिलांना घेऊन पोलीस ठाण्याबाहेर उभी होती. "ताई, साहेब म्हणतात आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवायचं बघू. तुम्ही शिबिरात सांगितलं होतं ना, तशी चौकशी लागत नाही म्हणून? ते कुठं लिहिलंय ते दाखवा म्हणतायत."

मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "आपल्या विकीवर आहे सगळं, मराठीत आहे. पान उघड आणि त्यांच्यासमोर धर."

तिनं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत "समाजासाठी खुले ज्ञानभांडार". खाली "पुढे वाचण्यासाठी प्रवेश करा". नवीन सदस्याला संपूर्ण नाव, मोबाइल, ई-मेल, जिल्हा, तालुका आणि "आपण कोणत्या संघटनेशी संबंधित आहात?" असा सहावा रकाना. पोरीनं ठाण्याच्या दिव्याखाली उभं राहून ते सगळं भरलं. उत्तर आलं: आपला अर्ज प्रशासकाकडे पाठवण्यात आला आहे, मंजुरीनंतर कळवण्यात येईल.

शेवटी मी फोनवरून सांगितलं आणि तिनं कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९, कलम १८-अ, २०१८ ची दुरुस्ती, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आवश्यक नाही. आणि कलम १५-अ, एफआयआरची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क. गुन्हा नोंदवला गेला. तिचा अर्ज आमच्या प्रशासकानं चौथ्या दिवशी मंजूर केला.

हा लेख त्या चार दिवसांबद्दल आहे. आणि तो बाहेरच्यांच्या विरोधात नाही, आपल्याच माणसांच्या विरोधात आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाईट वाटायला नको.

ही विकी आम्ही काही संघटनांनी मिळून सुरू केली. मीडियाविकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, विकिपीडिया ज्यावर चालतो तेच. अनेकांनी मिळून लिहायचं, एकमेकांच्या चुका दुरुस्त करायच्या, यासाठी ते बनलेलं आहे. आम्ही त्यावर शिष्यवृत्तीची कागदपत्रं, जात पडताळणीचा अर्ज कसा भरायचा, अत्याचाराच्या प्रकरणात कोणाकडे जायचं, १९९५ च्या नियमांखाली मिळणारं अर्थसाहाय्य (२०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत) असं सगळं सोप्या मराठीत लिहून ठेवलं. चांगलं काम आहे. चारचौघांत अभिमानानं सांगावं असं. फक्त ज्याला गरज आहे त्याला ते वाचता येत नाही.

कुलूप का लागलं, त्याचीही कथा आहे. मीडियाविकी बसवली की सुरुवातीला ती पूर्ण उघडी असते. कोणीही वाचा, कोणीही लिहा. आठवडाभरात आमच्या पानांवर जुगाराच्या जाहिराती उगवल्या. माणसं नव्हेत, यंत्रं येऊन लिहून जातात ती. घाबरून आमच्या तांत्रिक समितीनं (म्हणजे एका काकांचा भाचा, पुण्यात आयटीत आहे) सगळंच बंद केलं. लिहिणं बंद करायला हवं होतं, वाचणंही बंद केलं. खालच्या मजल्यावर चोर आला म्हणून विहिरीवर झाकण घालावं तसं.

आता यात तंत्राचं अवघड काही नाही. मीडियाविकीत माणसांचे गट असतात. एक गट नुसत्या तारांकनाचा, त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण मोडतो, नाव सांगो वा न सांगो. दुसरा गट खातं असलेल्यांचा. प्रत्येक गटाला काय करता येईल ते सेटिंग्जच्या एका फाइलीत लिहायचं असतं: वाचणं, लिहिणं, नवं पान काढणं, नवं खातं उघडणं. हे चार वेगवेगळे हक्क आहेत, वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले. तारांकनवाल्या गटाला वाचण्यापुढे "हो" आणि लिहिण्यापुढे "नाही" लिहिलं, की अनोळखी माणूस वाचू शकतो पण खरडू शकत नाही. दोन ओळींचं काम आहे.

मग बैठकीत तीन तास कशावर भांडलो आम्ही?

पहिला आक्षेप आला तो माझ्या मनाला लागला, कारण तो प्रामाणिक होता. आमचे एक ज्येष्ठ काका, नामांतराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेले. ते म्हणाले, "पोरी, एका नावासाठी आम्ही सोळा वर्षं लढलो. घरं जळाली, माणसं गेली. आणि तू म्हणतेस आपल्या माणसानं आपल्याच घरात निनावी यावं? आम्ही जय भीम छातीठोक म्हणायला शिकलो ते लपायला नव्हे."

सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवली असती. पण नाव सांगणं आणि नाव काढून घेणं या दोन गोष्टी एक नाहीत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं ही मागणी आपण केली होती, आपल्या इच्छेनं, आपल्या तोंडानं. दारावरचा माणूस "आडनाव काय?" विचारतो तेव्हा ते आपल्याकडून काढून घेतलं जातं. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, वसतिगृहात, रेल्वेच्या डब्यात गप्पा रंगल्यावरसुद्धा, तो प्रश्न कशासाठी असतो हे या महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. समाजशास्त्राच्या वर्गात यावर मी ढीगभर वाचलं. आमच्या आईला ते चौथीपर्यंतच्या शिक्षणात कळलं होतं.

बाबासाहेबांनी "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आठवणींत बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. १९१७ साली, कोलंबियात शिकून आलेला माणूस, महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला येतो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही. पारशी सराईत जागा मिळते, पण नोंदवहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात येतो. आपण हा प्रसंग भाषणात सांगतो तेव्हा जोर त्या काठ्यांवर असतो. मला मात्र ती नोंदवही दिसते. खोटं नाव लिहायची पाळी त्यांच्यावर आली ती वहीत नाव लिहिल्याशिवाय आत जाता येत नव्हतं म्हणून.

त्याच आठवणींत दौलताबादचाही प्रसंग आहे, १९३४ चा. हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून गोंधळ झाला. मग किल्ला बघायला सोडलं, पण आत कुठं पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सोबत हत्यारी पहारेकरी देऊन. प्रवेश मिळाला होताच की. नियमाप्रमाणे मिळाला होता.

काका, तुमच्या पिढीनं नाव मिळवलं. पण आज ज्या पोराला कार्यालयात कोणाला कळू न देता वाचायचं आहे की जातीवरून बोललेले टोमणे कोणत्या कलमात बसतात, त्याला तुमचा अभिमान उसना घेऊन लढायला सांगू नका. त्याला आधी वाचू द्या. लढायचं की नाही, नाव लावायचं की नाही, ते तो वाचल्यावर ठरवेल.

आणि ज्या बाईच्या घरात एकच फोन आहे, तोही नवऱ्याच्या नावावर, तिनं नोंदणीचा ओटीपी कोणाकडे मागायचा? ती तर त्याच घरातल्या मारहाणीविरुद्ध काय करता येईल ते शोधत असते. आमचा फॉर्म तिला विचारतो, आपण कोणत्या संघटनेशी संबंधित आहात.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोललं नाही, चहाच्या वेळी कानात सांगितला गेला. "ताई, लॉगिन काढलं तर आपल्याकडे यादी कुठून येणार?"

झालं. हाच खरा मुद्दा. नाव, मोबाइल, तालुका. आपल्या गटातटांच्या राजकारणात यादी म्हणजे ताकद, यादी म्हणजे तिकिटाच्या वेळी दाखवायचा आकडा. शिष्यवृत्तीची माहिती शोधायला आलेल्या पोराचा नंबर निवडणुकीच्या महिन्यात कोणाच्या तरी शुभेच्छा-संदेशात सापडतो तो असाच. यात जातीयवाद्यांचा काही हात नाही, हे आपण स्वतः करतो. ज्ञान देताना बदल्यात काही मागायचं, ही रीत कोणाची, हे मी आंबेडकरवाद्यांना सांगायचं का?

शिवाय यादीला दुसरेही गिऱ्हाईक असतात. २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात कार्यकर्त्यांचे संगणक, हार्ड डिस्क, फोन जप्त झाले ते आपण पाहिलं आहे. कोण काय वाचत होतं याची नोंद ज्याच्याकडे आहे त्याला ती द्यायची वेळ येऊ शकते. जी नोंद ठेवलीच नाही ती कोणी जप्त करू शकत नाही. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं आहे. सरकारनं आपल्यावर पाळत ठेवू नये म्हणून आपण या निकालाचा दाखला देतो. मग आपल्या माणसांवर आपण का ठेवायची?

एवढं बोलून मी जिंकले असं मला वाटत होतं. तेवढ्यात एका तरुण वकील मैत्रिणीनं तोंड उघडलं. तिचा आक्षेप वेगळा होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती म्हणाली, "ठीक आहे, दार उघड. पण आत काय काय पडलंय ते तू कधी पाहिलंस का?"

मग तिनं आपल्या फोनवर इनकॉग्निटो खिडकी उघडली, म्हणजे लॉगिन नसलेली, आणि एक लांबलचक पत्ता टाकला. समोर एका एफआयआरचा फोटो आला. फिर्यादीचं नाव, गाव, वय, सगळं. आमच्याच विकीवर कोणा कार्यकर्त्यानं "संदर्भासाठी" चढवलेला. लॉगिन नव्हतं, पासवर्ड नव्हता, काही नव्हतं.

ज्याला कायदा वाचायचा आहे त्याच्यासाठी कुलूप, आणि जिचं नाव झाकायला हवं तिचा कागद उघड्यावर. दोन वर्षं हे असं होतं आणि आम्ही "सुरक्षित" म्हणून मिरवत होतो.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याही संस्थेत हेच झालेलं असू शकतं. मीडियाविकीत पानांचा मजकूर एकीकडे असतो आणि चढवलेले फोटो, पीडीएफ वगैरे दुसरीकडे, एका साध्या फोल्डरात. पान मागितलं तर मीडियाविकी विचारते, तू कोण? फोटो थेट पत्त्यानं मागितला तर सर्व्हर तो देऊन टाकतो, मीडियाविकीला विचारतही नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते, ती आमच्या भाच्यानं केली नव्हती. त्याचाही दोष नाही म्हणा, फुकट काम करत होता बिचारा, आणि आम्ही कोणी विचारलं नव्हतं. हे सॉफ्टवेअर बनवणारे स्वतः सांगतात की अमुक पान याला दिसावं आणि त्याला दिसू नये, अशा कामासाठी ते बनवलेलं नाही.

दुसरी गोष्ट तिनं दाखवली ती याहून भयंकर. विकीत प्रत्येक पानाला "इतिहास" असतो. एका पानावर पूर्वी एका गावाचं आणि कुटुंबाचं नाव होतं, नंतर कोणीतरी शहाणपणानं खोडलं. पण जुनी आवृत्ती तशीच राहते. वाचायची परवानगी सगळ्यांना दिली की ती जुन्या आवृत्त्यांनाही मिळते, प्रशासकानं त्या एकेक करून झाकल्या नसतील तर. म्हणजे मी म्हणत होते तसं त्या रात्री दोन ओळी बदलून दार उघडलं असतं, तर खोडलेली नावंही जगाला दिसली असती. अत्याचार कायद्याच्या १५-अ कलमात साक्षीदारांची नावं आणि पत्ते लोकांना पाहता येतील अशा नोंदींतून वगळण्याची तरतूद आहे. ती न्यायालयानं वापरावी म्हणून आपण अर्ज करतो. आणि आपल्या विकीवर?

मी गप्प बसले. बैठकीतून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तो एफआयआरचा फोटोच होता.

तरीही माझं म्हणणं बदललं नाही. उलट पक्कं झालं. आमच्या काही मित्रांनी यातून निष्कर्ष काढला की बघा, उघडणं धोक्याचं, म्हणून लॉगिन राहू द्या. पण लॉगिन होतंच की! लॉगिन असतानाच तो फोटो उघडा होता. नाव-नंबर गोळा केल्यानं त्या बाईचं काडीइतकंही रक्षण झालं नाही. झालं ते एवढंच की सगळ्यांना वाटत राहिलं, आत सगळं सुरक्षित आहे, काहीही चढवा.

आपल्या वस्तीतल्या विहाराशेजारचं वाचनालय आठवा. बाहेरच्या खोलीत तिरक्या टेबलावर वर्तमानपत्रं. कोणीही यावं, उभ्यानं वाचावं, निघून जावं. तिथं वही नाही. पुस्तक घरी न्यायचं असेल तर ग्रंथपाल नाव लिहून घेतो, कारण ते परत यायला हवं. आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटाची किल्ली फक्त सचिवाकडे. पण त्या कपाटातल्या फाइली टेबलावरच्या वर्तमानपत्रांखाली सरकवून वर "टेबलावर वाचायला नाव लिहा" अशी पाटी लावायची, हे आम्ही संगणकावर केलं.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, आणि तो मी लेखी दिला आहे. जुनी विकी उघडायचीच नाही. आधी ते फोटो काढायचे, आजच्या आज, आणि सर्व्हरवरून गेले का ते त्या लांबलचक पत्त्यानं तपासायचं. मग नवी, कोरी विकी बसवायची आणि तिच्यात फक्त तपासलेला, कोणाही व्यक्तीचं नाव नसलेला मजकूर आणायचा. इतिहास आणायचा नाही. ती नाव न विचारता सगळ्यांना वाचायला खुली. लिहायला खातं लागेल आणि ते आम्ही ओळखीच्या माणसांनाच देऊ, पण खात्याला खरं नावच हवं असा हट्ट नाही, कारण इतिहासात लिहिणाऱ्याचं नाव दिसतं आणि आपले कितीतरी लेखक सरकारी नोकरीत आहेत. कोणाच्याही प्रकरणाचे कागद विकीवर येणार नाहीत, बंद पानावरसुद्धा नाही. ते वकिलाकडे, वेगळ्या जागी, कूटबद्ध डिस्कवर.

एक गोष्ट मात्र वाचकाला खरी सांगायला हवी. नाव न विचारणं म्हणजे काहीच न कळणं नव्हे. येणाऱ्याचा आयपी पत्ता सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिला जातोच, आपण सांगो वा न सांगो. ती नोंदवही सात दिवसांनी आपोआप पुसली जावी असं मी मागितलं आहे आणि मुखपृष्ठावर तसं मराठीत लिहावं असंही. भाचा म्हणतो होईल.

यावर "मग काम किती झालं ते देणगीदारांना कसं दाखवायचं?" असं विचारलं गेलं. पान किती वेळा उघडलं गेलं ते मोजता येतं, कोणी उघडलं ते न विचारता. चवदार तळ्याचं पाणी किती जण प्याले याची यादी कोणी मागितली नव्हती.

तळ्याची गोष्ट निघालीच आहे तर. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठराव १९२४ ला केला. पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना स्वतः चालत जावं लागलं, डोकी फुटली. त्यानंतर नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ लागलं. मधली तीन वर्षं, १९२४ ते १९२७, ते तळं कागदावर "सर्वांसाठी खुलं" होतं. आमच्या मुखपृष्ठावरही तेच शब्द आहेत. ही तुलना मोठी वाटेल काहींना. वाटू द्या. त्या रात्री ठाण्याबाहेर उभ्या असलेल्या मुलीला ती मोठी वाटली नसती.

फोटो काढले गेले आहेत, मी स्वतः तपासलं. नव्या विकीचा निर्णय येत्या बैठकीत आहे. काका अजून विरोधात आहेत. परवा त्यांचा फोन आला होता, भांडायला नव्हे. नातवाच्या जात पडताळणीसाठी कोणते पुरावे लागतात ते पाहायचं होतं, आणि त्यांना आपला पासवर्ड आठवत नव्हता.